टिशियनचा बैल वेलाझ्केझच्या चित्रात

इटालियन चित्रकार टिशियनचं 'युरोपाचे अपहरण' हे गाजलेलं चित्र. ग्रीक देवराज झ्यूस बैल होऊन युरोपा या राजकन्येला पळवतो, ती गोष्ट त्यात आहे. हे चित्र स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझच्या एका चित्रातही आहे!

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातलं 'सूत कातणाऱ्या बायका' हे साधारण १६५५ ते १६६० मधलं. डावीकडे चरख्यावर म्हातारी, उजवीकडे पाठमोरी तरुणी. कित्येक वर्षं ते कारखान्यातलं साधं दृश्यच मानलं जाई. पुढे १६६४ सालची चित्रांची एक यादी उजेडात आली, तिच्यात त्याचं नाव होतं 'अराक्नीची कथा'. अराक्नी म्हणजे पुराणकथेतली, अथेना देवीशी विणकामाची पैज लावणारी पोर.

आता मागचं उजळलेलं दालन बघा. शिरस्त्राण घातलेली अथेना हात उगारून उभी आहे, समोर अराक्नी, आणि मागे भिंतीवर विणकाम म्हणून लटकतोय तो टिशियनचाच युरोपा-प्रसंग. रोमन कवी ओव्हिडच्या कथेत अराक्नी मागावर देवांच्या फसवणुकीच्या गोष्टी विणते, त्यात युरोपाही येते. अथेनाला विणकामात खोट काढता येत नाही. मग ती संतापून कापड फाडते, धोट्याने पोरीच्या कपाळावर मारते आणि शेवटी तिला जाळं विणणारा कोळी करून टाकते.

टिशियनचं मूळ चित्र तेव्हा स्पेनच्या राजसंग्रहात होतं. चित्रकार रुबेन्सनेही माद्रिदला असताना त्याची नक्कल केली होती. अराक्नीच्या हातून वेलाझ्केझ थेट टिशियन विणून घेतो, म्हणजे तो पोरीच्याच बाजूचा, असं मला ठामपणे वाटतं. चित्र मोठं करून चरखाही जरूर बघा: आरे दिसतच नाहीत, नुसती गरगर रंगवली आहे.