सट्ट्यावर वर्षानुवर्षं कमावणारे लोक खरंच असतात का? असले तर त्याईच्यात काय असते?

वऱ्हाडी_पोट्टा (ता. दारव्हा)
नमस्कार राजेहो. माझा चुलतभाऊ बारावीनंतर घरीच हाय. मागच्या आयपीएलपासून म्हणते का नोकरी भेटत नाई तर प्रोफेशनल गॅम्बलर होतो, बाहेरदेशात लोक यावरच घर चालवतात. त्याचं म्हणणं असं का त्याले क्रिकेट लय समजते, पिच पाहून सांगते कोण जिंकन ते, आन दहातले सात बरोबर निघतातबी. घरचे नुसते ओरडून राह्यले, त्यानं थो अजून हट्टाले पेटते. मले त्याच्यासंग मुद्द्यानं बोलाचं हाय. जे लोक खरंच दहा-वीस वर्षं टिकले ते कशाच्या भरवशावर टिकले? "जुगार वाईट" एवढंच सांगू नका, ते मलेबी माहीत हाय.

गणितवाला_आर्वी
भाऊ, त्याचे दहातले सात कोणत्या भावानं आले ते पहिले इचार. समज त्यानं सगळ्या फेवरिट, म्हणजे जिंकाचा चान्स जास्त असलेल्या, टीमच धरल्या आन भाव १.३५ होता, म्हणजे जिंकलं त शंभराचे १३५ वापस, हरलं त शंभरबी गेले. शंभर-शंभर रुपये दहा मॅचवर लावले म्हणजे हजार गेले, सात जिंकल्या तर वापस आले ९४५. सत्तर टक्के बरोबर येऊनबी ५५ रुपये घरचे गेले. हे त्याले कागदावर करून दाखव, लगेच समजन.

टिकलेले लोक कोण जिंकन ते शोधत नसतात, भाव कुठं चुकला ते शोधत असतात. आपल्याकडचा सोयाबीनचा व्यापारी माल चांगला का खराब एवढ्यावर थांबते का? थो या मालाले हा भाव जास्त का कमी ते पाहते. तसंच हाय हे. भाव २.०० म्हणजे बाजार म्हणते जिंकाचा चान्स ५० टक्के, तुमचा हिशेब ५५ म्हणत असन तर लावाचं, ५० च म्हणत असन तर आवडती टीम असो का धोनी खेळत असो, सोडून द्याचं. त्यात बुकी बरोबरीच्या मॅचले २.०० कधी देत नाई, १.९० देते, म्हणजे नुसतं बरोबरीत राहाले तुम्हाले ५२.६ टक्के बरोबर याव लागते. ५५ टक्के आणणारा माणूस म्हणजे लय मोठा खेळाडू, आन त्यालेबी लावलेल्या लाखामागं साडेचार हजारच सुटतात.

सातपुड्याखाली
वरच्या भाऊनं बरोबर सांगतलं, मी नावं सांगतो. इंग्लंडच्या ब्रायटन क्लबचा मालक टोनी ब्लूम आन ब्रेंटफर्डचा मॅथ्यू बेनहम, दोघंबी फुटबॉलच्या बेटिंगमधूनच मोठे झाले, पण त्याईच्या मागं आकडे पाहणाऱ्या लोकाईच्या अख्ख्या कंपन्या हायेत, स्टारलिझार्ड आन स्मार्टऑड्स. बिल बेंटर हाँगकाँगच्या घोड्याच्या रेसवर कॉम्प्युटर मॉडेल घेऊन बसला ते ८० च्या दशकात. तिथं रेसकोर्स दोनच, तेच तेच घोडे वापस वापस पळतात, रेकॉर्ड पूर्ण भेटते, म्हणून त्यानं ती जागा धरली. आन मले सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यानं फक्त आपल्याच मॉडेलवर भरवसा नाई ठेवला, लोकाईनं पैसे लावून जो भाव बनवला थोबी आपल्या हिशेबात घेतला, कारण बाजाराले असं काई माहीत असते जे आपल्याले नसते. एवढा हुशार माणूस बाजाराले मान देते आन आपला पोट्टा पिच पाहून सांगते.

मास्तर_मूर्तिजापूर
पैसा किती लावायचा यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधन संस्थेच्या जॉन केली नावाच्या माणसानं याचं सूत्र मांडलं, २.०० च्या भावाला ५५ टक्के चान्स असेल तर भांडवलाच्या १० टक्के लावा असं ते सांगतं. पण तो ५५ चा अंदाज स्वतःचाच असतो आणि तो चुकू शकतो, म्हणून जाणते लोक त्याच्या अर्धं किंवा पावच लावतात, पुष्कळ जण तर एक-दोन टक्क्यांच्या वर जातच नाहीत. हरल्यावर डबल लावून वसुली करणारा माणूस कितीही हुशार असो, एका वाईट महिन्यात साफ होतो.

दुसरं, नशीब आणि अक्कल लवकर वेगळी ओळखू येत नाही. हजार माणसांनी नाणं शंभर-शंभर वेळा उडवलं तर त्यातल्या अठ्ठावीसेक जणांचे साठ किंवा जास्त अंदाज बरोबर येतील, आणि त्यांना वाटेल आपल्याला खेळ समजतो. टेलिग्रामवरचे टिप्सवाले याच्यावरच चालतात. १०२४ लोकांपैकी अर्ध्यांना एक टीम सांगायची, अर्ध्यांना दुसरी, ज्यांचं चुकलं त्यांना सोडून द्यायचं. पाच मॅचनंतर ३२ जण असे उरतात ज्यांना वाटतं हा माणूस कधी चुकतच नाही!

कास्तकार_वणी
इकडची गोष्ट येगळी हाय ते बी सांगा त्याले. बाहेरदेशात पुष्कळ लायसनवाले बुकीबी सतत जिंकणाऱ्याची लिमिट कमी करतात, जास्त पैसे लावूच देत नाई. इथं त लगवाडी-खायवाडी (सट्टा लावणं-घेणं) सगळी चोरीची, ऑनलाइन पैशाचे खेळ २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं बंद झाले, आन १८७२ च्या करार कायद्यात पैज म्हणजे रद्द करार, म्हणून जिंकून बी बुकीनं पैसे नाई देले त कोर्टात मांगता येत नाई. हरले त मात्र वसुलीवाले दारात. मी पाह्यलं हाय लोकाईचं वावर जाताना, चुकारा आला का तिकडं गेला. म्हणून जीव तोडून सांगतो, उधारीवर आयडी (सट्ट्याचं ऑनलाइन खातं) घेऊ देऊ नको.

वऱ्हाडी_पोट्टा
लय आभार सगळ्याईचे. १.३५ चा हिशेब आजच दाखवतो. पण थो म्हणन का मले भाव बी समजतात. त पैसे न लावता तपासाचं कसं?

गणितवाला_आर्वी
वही घे. मॅचच्या आदल्या दिवशी त्यानं टीम लिहाची, तेव्हाचा भाव लिहाचा, कायले निवडली ते एका ओळीत, आन मॅच सुरू व्हाच्या टायमाले शेवटचा भाव काय होता थोबी. जिंकलं-हरलं नंतर पाह्य. पहिले हे पाह्य का त्यानं २.१० ले धरलेली टीम शेवटी १.९५ ले आली का २.२५ ले गेली; १.९५ ले आली म्हणजे बाजारबी मागून त्याच्याच बाजूनं आला, २.२५ ले गेली म्हणजे उलटा गेला. पाचशे नोंदी होऊ दे, मधात एकबी खोडू देऊ नको. बहुतेक वेळा भाव त्याच्या बाजूनं सरकला असन त पोट्ट्याले खरंच काई दिसते, आन तसं असन त त्याले स्टॅटिस्टिक्स शिकव, आकडे पाहणाऱ्याले नोकरी लागते.