‘परशुराम’ला जमिनीवर बसवा म्हणे!

खमक्या_खानोलकर: काल इथे कुणीतरी पिंक टाकली की वायुदलाने ‘परशुराम’ हे जुनं डाकोटा मालवाहू विमान उडवणं थांबवून संग्रहालयात ठेवावं, नाहीतर एक दिवस पडेल आणि इतिहास जाईल. अहो, २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान काश्मीर वाचवायला श्रीनगरला उतरले ते डाकोटांतूनच. भंगारातून उचललेलं हे विमान इंग्लंडात दुरुस्त झालं, २०१८ मध्ये कॉव्हेंट्रीहून स्वतः उडत जामनगरला आलं. आता त्याच्यावर चादर घालायची?

निळू७१: पिंक माझीच. विमानावर त्या वेळच्या डाकोटाचा व्हीपी ९०५ नंबर रंगवलाय, पण श्रीनगरला गेलेलं विमान ते हे नव्हेच. सांगाडा ब्रिटनमधल्या दुसऱ्याच डाकोटाचा आहे. आणि त्याच २०१८ मध्ये स्वित्झर्लंडात जुनं युंकर्स-५२ विमान कोसळून २० माणसं गेली.

खमक्या_खानोलकर: अस्सल नाही, तर पडल्यावर इतिहास कसा जाईल? आधी एक काय ते ठरवा! युंकर्सच्या चौकशीत दोष वैमानिकांचा निघाला, डोंगरात नको तितक्या खालून नेलं.

निळू७१: त्याच चौकशीत गंजही सापडला. तेवढं बरं विसरलात.

ताई_ठाणेकर: माझे मामा डाकोटावर फिटर होते. ते सांगायचे, उभं ठेवलं की इंजिनाच्या खालच्या सिलिंडरांत ऑइल उतरतं, म्हणून सुरू करण्याआधी पंखा हाताने फिरवायचा. उडतं विमान रोज कुणीतरी तपासतं, उभ्याकडे कोण बघतो? संग्रहालयाचं कौतुक मला सांगू नका. मुंबईतल्या जुन्या विक्रांत युद्धनौकेचं काय झालं? २०१२ ला संग्रहालय बंद, २०१४ ला ६० कोटींना भंगारात, वर तिच्या लोखंडाची मोटारसायकल!

दर्यावर्दी: ताई, जहाजाचा तळ खराब झाला होता. पाण्यात ठेवणं धोक्याचंच होतं.

ताई_ठाणेकर: मग कोरडं करून ठेवायचं! शाळेच्या सहलीला आम्ही तिच्या डेकवर डबे खाल्लेत. राज्य सरकारकडे पैसे नव्हते म्हणे. पुतळ्यांना असतात.

दर्यावर्दी: डबे खाल्ले म्हणून जहाज तरंगत नाही.

ताई_ठाणेकर: जीभ सांभाळा.

खमक्या_खानोलकर: धागा डाकोटाचा आहे हो! कानपूरला इंग्रजांनी टाकून दिलेली लिबरेटर बॉम्बफेकी विमानं एचएएलने उडवली, त्यातलं एक पुढे अमेरिकेत पुन्हा उडालं. टाकाऊ म्हणून सोडलं असतं तर?

निळू७१: बरं बाबा, उडवा. वायुदल दिनाला, गर्दीपासून लांब, आत फक्त चालक दल. आणि फलकावर लिहा, हे ‘ते’ विमान नाही. लिहितील?

ताई_ठाणेकर: फलकाचं नंतर. दर्यावर्दी, तळ खराब होईपर्यंत कोण झोपलं होतं ते आधी सांगा.