फादरांनी वाडी (बागायत जमीन) विकण्याबद्दल बोलावं का?

वाडीतली लेक:
गेल्या रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपताना आमच्या फादरांनी नेहमीच्या सूचना वाचल्या आणि शेवटी म्हणाले, "गावातल्या विहिरी खारट होत चालल्यात. वाडी विकायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी एकदा बसून बोला." एवढंच. मागच्या बाकावरचे एक काका तडक उठले आणि पायरीवर जाऊन मोठ्याने म्हणाले, "फादरांनी मिस्सा करावी, जमिनीचं आमचं आम्ही बघू."

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. माझ्या मते फादर बोलले ते योग्यच केलं. आपल्या वसईत देऊळ (चर्चला आपण देऊळच म्हणतो) नुसत्या प्रार्थनेपुरतं कधी होतं? १९१८ साली बॅसिन कॅथॉलिक बँकेचं रोप लावलं ते मोन्सेनियर मोनीस या धर्मगुरूंनी. १९९०च्या आसपास टँकरवाले विहिरी उपसून पाणी विकत होते, हिरव्या पट्ट्यावर इमारतींचे आराखडे येत होते. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत पुढे होते. धाकट्याला कडेवर घेऊन माझी आई मोर्च्याला गेली होती.

लहानपणी आमच्या विहिरीचं पाणी रहाटाने ओढून तसंच ओंजळीने प्यायचो. आता त्या पाण्यात डाळ शिजत नाही. भांड्याच्या तळाला पांढरा थर बसतो, आई तो नखाने खरवडत बसते. हे देवळात बोलायचं नाही, तर कुठे बोलायचं?

अकरा गुंठे:
उठून गेलेला माणूस मी नव्हे, पण मीही उठलो असतो. तीन वर्षांपूर्वी अकरा गुंठे विकले. वडिलांचं डायलिसिस चालू होतं. मोगरा तोडायला बाई मिळत नव्हती, मिळाली तर दादरच्या फुलबाजारात मिळणाऱ्या पैशातून तिची मजुरी सुटत नव्हती. विकताना आम्ही घरात बसून बोललो होतो, ताई. रडलोही होतो.

त्यानंतर एका रविवारी प्रवचनात हाच विषय निघाला. नाव कुणाचंच घेतलं नाही, पण पुढच्या दोन रांगांतल्या माना माझ्याकडे वळल्या. वडील शेजारी बसले होते. पुढे वर्षभर ते दुसऱ्या गावच्या मिस्सेला जात राहिले.

ग्रामसभेत मी हात वर करून बोलू शकतो. देवळात मी गुडघे टेकतो. तिथे फादरांना उलट प्रश्न विचारायची सोय नाही, म्हणून तिथून माझ्या सातबाऱ्यावर बोलू नये. दिब्रिटो फादरांचं उदाहरण देताय, पण ते लोकांबरोबर रस्त्यावर उतरले होते. आमच्या देवळाच्या आवारात लग्नाच्या गाड्यांसाठी काँक्रीट ओतलंय. पाणी मुरवायचं तर आधी तिथे मुरवा.

शेजारची वाडवळ:
मी ख्रिस्ती नाही, वाडवळ समाजातली हिंदू, तरी लिहिते. हरित वसईत आमच्याही घरची माणसं होती, ते आंदोलन एका समाजाचं नव्हतं. २०१८च्या जुलैत आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी होतं, तेव्हा पहिले डबे शेजारच्या चर्चच्या पॅरिशमधूनच आले. ते मी विसरणार नाही. पण फादर मिस्सेत पाण्याबद्दल बोलले तर आम्हाला कसं कळणार? तुमच्या आणि माझ्या विहिरीला झरे एकाच थरातले. अर्ध्या गावाला सांगून काय होणार?

नगरकर:
मी अहिल्यानगरचा, प्रोटेस्टंट. आमच्याकडच्या मिशनने १८४२ साली 'ज्ञानोदय' सुरू केलं, मुलींसाठी शाळा काढल्या. आज आमच्या मंडळीत निम्मा वेळ मालमत्तेच्या भांडणात जातो. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. माझ्या चुलतभावाचं शिक्षण त्यापायी अडलं. यावर आमच्या पाळकांच्या तोंडून उपासनेत एक शब्द ऐकलेला नाही. तुमचे फादर बोलतात तरी. त्यांना गप्प बसवू नका, आमच्यासारखी गत होईल.

अकरा गुंठे:
नगरकर, तुमच्या भावावर अन्याय झाला. त्यावर पाळकांनी बोललंच पाहिजे, दर रविवारी बोललं पाहिजे. पण बापाच्या औषधपाण्यासाठी मी जमीन विकली, तो कुणावर अन्याय नव्हता. या दोन गोष्टी एका पारड्यात घालू नका.

वाडीतली लेक:
दादा, माना वळल्या त्याचं वाचून पोटात तुटलं. आपलं गाव एकच असेल, तर वळलेल्यांत कदाचित मीही असेन. तुमच्या वडिलांना देऊळ बदलावं लागलं, ही आम्हा सगळ्यांची चूक.

तरी एक विचारते. त्या अकरा गुंठ्यांवर इमारत उभी राहिली की बोअर मारणार, सगळी बिऱ्हाडं तेच पाणी ओढणार. आधी गोडं पाणी संपेल, मग खाडीचं खारं आत शिरेल, आणि ते आमच्या विहिरीपर्यंत येईल. मग ही गोष्ट तुमच्या एका घरापुरती राहते का? तुम्हाला तेव्हा वडिलांच्या उपचारासाठी उचल मिळाली असती, वाडी सामाईक कसायची काही सोय असती, तर तुम्ही विकली असती का? मला वाटतं फादर इथे कमी पडले. "विकायच्या आधी बोला" सांगण्याआधी "अडचण आहे का" हे विचारायला हवं होतं.

शेजारच्या ताईंचं पटलं. पॅरिश कौन्सिलमधल्या एकांशी काल बोलले. शनिवारी संध्याकाळी शाळेच्या पटांगणात बसायचं ठरतंय, सगळ्या समाजांना बोलावून.

अकरा गुंठे:
विकली नसती.

शनिवारी येतो, वडिलांनाही आणतो. फादरांनी मात्र माईक घेऊन उभं राहायचं नाही, आमच्यात सतरंजीवर बसायचं. आणि पहिला प्रश्न आवारातल्या काँक्रीटचा घ्यायचा.

शेजारची वाडवळ:
मी आमच्या विहिरीच्या पाण्याची बाटली भरून आणते. तुम्हीही आपापली आणा.