खाडीला 'बॅकवॉटर' म्हणणं बरोबर आहे का?

देवबागकरीण:
नमस्कार मंडळी, आमचा देवबागला छोटा होमस्टे आहे, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी. नेटवरच्या माहितीत मी इंग्लिशमधे 'बॅकवॉटर व्हिलेज' लिहिलंय, आजूबाजूला सगळे बॅकवॉटरच लिहितात म्हणून. परवा लंडनहून आलेल्या एक बाई म्हणाल्या की हे वाचून मला वाटलं तुम्ही स्वतःच्या गावाला मागासलेलं म्हणताय. फार वाईट वाटलं हो. खरा अर्थ काय या शब्दाचा?

शब्दशोध्या:
ताई, बाई बरोबर बोलल्या. मूळ अर्थ अडून मागे फुगलेलं पाणी. नदीचा जो भाग मुख्य धारेपासून बाजूला पडून संथ झालाय त्यालाही म्हणतात, आणि त्यावरूनच जिथे काही घडत नाही, जगाच्या बातम्या पोचत नाहीत अशा गावाला इंग्लिशमधे बॅकवॉटर म्हणायला लागले. केरळात वेंबनाड वगैरे कायलांना, म्हणजे किनाऱ्यालगतच्या सरोवरांना, तो शब्द चिकटला आणि टुरिझममुळे चांगला झाला, पण तिथे बहुतेक वेळा अनेकवचनी, 'बॅकवॉटर्स'. तुमच्या 'व्हिलेज'ला जोडला की वाचणारा पहिला अर्थ मागासचाच घेणार.

धरणाकाठचा:
आमच्या घाटावर बॅकवॉटर म्हणजे धरणाचंच, कोयनेचं तापोळा-बामणोलीला, उजनीचं भिगवणला. त्याला मराठीत इतका छान शब्द आहे, फुगवटा! सरकारी कागदात अजून असतो, बोलण्यातून मात्र गेला.

वाशिष्ठीकाठ:
माझं म्हणणं वेगळंय. आपली खाडी ही अडलेलं पाणी नाहीच, दिवसातून दोनदा भरती आत येते, दोनदा ओहोटी लागते, चिपळूणच्या गोवळकोटपर्यंत भरतीचं पाणी चढतं आणि होड्यांची वेळ त्यावर ठरते, तिला संथ कसं म्हणणार? हां, पावसात उधाण आलं की नदीच्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि ते मागे फुगतं, ते खरं बॅकवॉटर. जुलै २०२१ चा पूर पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

मालवणी मुलगो:
आमी खाडीच म्हणताव, आजी पण खाडीच म्हणायची. पाटयेर मराठीत खाडीच लिवा.

देवबागकरीण:
पाटीवर खाडी लिहीनच, पण इंग्लिशमधे काय? क्रीक चालेल?

शब्दशोध्या:
चालेल, पण अमेरिकेतल्या माणसाला क्रीक म्हणजे ओढा वाटतो, म्हणून 'टायडल क्रीक' लिहा. तुमच्याकडे नदी समुद्राला मिळते तिथे 'एस्च्युअरी' जास्त नेमकं. बॅकवॉटर ठेवायचंच असेल तर बोटिंगच्या ओळीत ठेवा, गावाच्या नावाला लावू नका.

देवबागकरीण:
मग असं करते, 'कर्ली एस्च्युअरी' आणि लगेच पुढे 'खाडी'. पाहुण्यांना तो शब्द पण शिकू दे. आज रात्रीच बदलते.