फुटबॉल वर्ल्ड कप फायनल घरी, १४ माणसं, भर जुलै: घोळ कुठे होईल?

कर्वेनगरी_लेफ्टबॅक:
१९ जुलैची फायनल घरी दाखवायचा बेत आहे. माणसं १४, हॉल १२ बाय १५, टीव्ही ५५ इंची, फायबर १०० एमबीपीएस. इन्व्हर्टर ९०० व्हीएचा, बॅटरी १५० एएच. डीटीएच आहे, पण सवय ॲपची. दोघातिघांचा आग्रह की प्रोजेक्टर भाड्याने आणून गच्चीवर लावू. वरच्या मजल्यावर ज्येष्ठ नागरिक राहतात. खायला मिसळ. अनुभवी मंडळींनी सांगावं.

ऑफसाइडचा_झेंडा:
पहिला घोळ तारखेचाच. मॅच न्यू जर्सीत रविवारी दुपारी ३ ला, म्हणजे आपल्याकडे रात्री १२.३० आणि तारीख २०. '१९ ला १२.३०' असा मेसेज टाकलात तर कोणीतरी शनिवारी रात्री बेल वाजवेल. 'रविवारी रात्री जेवून ११.३० ला या' एवढंच लिहा.

गच्चीचा विषय जुलैत काढूच नये. प्रोजेक्टर हॉलमध्येही नको. १०० इंची चित्राची रुंदी सव्वासात फूट. थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.२ धरला तर यंत्र पडद्यापासून पावणेनऊ फुटांवर, म्हणजे माणसांच्या मधोमध. जो पाणी प्यायला उठेल त्याची सावली पेनल्टी बॉक्समध्ये. ५५ इंच पुरे. पुढे गाद्या, मग सोफा, त्यामागे डायनिंगच्या खुर्च्या. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत दाखवणारी सेटिंग) बंद करा, नाहीतर लांब पासला चेंडूला शेपूट फुटते.

तारजोड्या:
डीटीएच की ॲप, यावर थोडं सविस्तर. ॲप डीटीएचच्या मागे असतं, कधी वीस सेकंद, कधी जवळजवळ मिनिटभर. शेजारी डीटीएचवर बघत असले तर गोल तुम्हाला आधी भिंतीतून कळणार. म्हणून मुख्य डीटीएच. चॅनेल पॅकमध्ये आहे ना, ते शनिवारीच बघा.

पण पाऊस धो-धो आला की डीटीएचचा सिग्नल जातो, डिश कितीही घट्ट बसवलेली असो. तेव्हा वाट बघत बसू नका, लगेच ॲपवर जा. ॲप मागे असल्यामुळे पटकन गेलात तर काहीच चुकत नाही. परत येताना मात्र तेवढाच खेळ गाळला जातो, त्यामुळे हाफ टाइमला किंवा पाण्याच्या ब्रेकला परत या. ॲप रविवारी संध्याकाळी अपडेट करून ११.३० लाच लॉगिन करून ठेवा. क्वालिटी ऑटोवर न सोडता १०८० वर अडकवा.

आता वीज. टीव्ही १२० वॅट, दोन पंखे १४०, राउटर आणि फायबरचा डबा २०, एक ट्यूब २०. झाले ३००. बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास. चांगल्या अवस्थेत हातात हजार-अकराशे येतात, म्हणजे साडेतीन तास. चार वर्षं जुनी असेल तर निम्मंच धरा आणि एक पंखा बंद. फ्रिज, इंडक्शन, किटली इन्व्हर्टरच्या लाइनवर नकोत. इन्व्हर्टरच्या मागचं बटण 'यूपीएस'वर आहे ना तेही बघा. नसेल तर लाइट जाताच राउटर रीस्टार्ट होतो आणि दोन-तीन मिनिटं बोंब.

लोकल ऑपरेटरची लॅन केबल असेल तर जिन्यातला त्याचा स्विच लाइटबरोबर बंद पडतो, घरचा इन्व्हर्टर तिथे काही करू शकत नाही. एक फोन हॉटस्पॉटसाठी राखून ठेवा. फुल एचडीला तासाला साधारण ३ जीबी लागतात, रोज २ जीबीचा प्लॅन हाफ टाइमच्या आत संपेल.

मटकी_मोड:
१४ जणांना सुकी मटकी पाऊण किलो. शनिवारी सकाळी भिजत घाला, रात्री पाणी पूर्ण निथळून फडक्यात बांधा. पावसाळी गारव्यात मोड यायला वेळ लागतो. पाणी राहिलं तर मोडांऐवजी वास येतो. रस्सा ४ लिटर, कट वेगळ्या भांड्यात, म्हणजे तिखट न खाणाऱ्यांची सोय होते. फरसाण ७०० ग्रॅम; पाकीट हाफ टाइमच्या आधी फोडू नका, या हवेत दहा मिनिटांत सादळतं. पाव ४०-४५, रविवारी संध्याकाळीच आणून ठेवा. कांदा चिरून झाकून, लिंबाच्या फोडी तयार. हाफ टाइमला तळणीचं काही नको, कढई तापेपर्यंत दुसरा हाफ सुरू.

बाकावरचा:
आवाजाबद्दल. रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि १४ माणसांचा एक 'गोऽऽल' ती सहज ओलांडतो. वरच्यांना दोन दिवस आधी भेटून सांगा, ग्रुपवर मेसेज टाकून नव्हे. सबवूफर बंदच, धडधड स्लॅबमधून चढते. ब्लूटूथ स्पीकर नको, शिट्टी चित्रानंतर वाजते. साउंडबार एचडीएमआयच्या एआरसी पोर्टला जोडा. गाड्यांचे नंबर वॉचमनकडे आधीच द्या.

कर्वेनगरी_लेफ्टबॅक:
गच्ची रद्द. एक्स्ट्रा टाइम झाला तर किती वाजतील? सोमवारी ऑफिस आहे.

ऑफसाइडचा_झेंडा:
९० मिनिटं संपायला अडीच, एक्स्ट्रा टाइम धरून सव्वातीन, पेनल्टी शूटआउटपर्यंत गेलं तर साडेतीनच्या पुढे. यंदा हाफ टाइमला गाण्यांचा कार्यक्रम ठेवलाय, त्यामुळे आणखी लांबू शकतं. दुसऱ्या चहासाठी दीड लिटर दूध बाजूला काढून ठेवा.