'अधिवास' की 'नेहमीचं वास्तव्य'?

प्रश्न : दोन देशांत विभागलेल्या एका कुटुंबाच्या खटल्याची कागदपत्रं मराठीत आणायची आहेत. मुळात 'डोमिसाइल' आणि 'हॅबिच्युअल रेसिडेन्स' हे दोन्ही शब्द येतात. दोन्हींसाठी 'अधिवास' वापरला तर चालेल का? शिवाय आई मुलाला घेऊन गेली त्याला 'अपहरण' म्हणायला हात धजत नाही. काय करावं?

उत्तर १ : दोन्हीकडे 'अधिवास' अजिबात नको. अनेकदा त्या एका शब्दावरच खटला फिरतो.

अधिवासात, म्हणजे 'डोमिसाइल'मध्ये, माणसाचा इरादा पाहिला जातो. कुणी वीस वर्षं परदेशात राहिला, पण परत जायचा बेत पक्का असेल, तर इंग्लिश कायद्याच्या परंपरेत त्याचा अधिवास मायदेशातच राहू शकतो. जन्माने मिळालेला अधिवास तर फारच चिवट. नंतर घेतलेला सोडला आणि दुसरा धरला नाही, तर जुना आपोआप परत लागू होतो; 1869 च्या उडनी खटल्यापासून तिथे हे तत्त्व रुळलं. त्या परंपरेत मृत्यूनंतर पैसा, शेअर अशा जंगम मालमत्तेचा वारसा अधिवासाच्या देशाच्या कायद्याने ठरतो. घर-जमिनीला मात्र ती जिथे आहे तिथलाच कायदा. (दाखल्यावरचा 'अधिवास' वाचून वाचून आपल्याला तो नुसता राहण्याचा पुरावा वाटतो. इथे तो अर्थ बाजूला ठेवा.)

'हॅबिच्युअल रेसिडेन्स'मध्ये प्रत्यक्ष जगणं पाहतात. मूल कुठल्या शाळेत जातं, कुठली भाषा बोलतं, त्याला सांभाळणारी माणसं कुठे आहेत. मुलं परत पाठवण्याविषयीचा हेग परिषदेचा 1980 चा करार याच शब्दावर उभा आहे, आणि त्यात त्याची व्याख्या दिलेली नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर 2020 मध्ये मोनास्की खटला आला, तेव्हा प्रश्न इटलीतून नेलेल्या अवघ्या दोन महिन्यांच्या बाळाचा होता. मूल कुठे वाढवायचं हे आईबापांमध्ये ठरलं होतं का, एवढंच पाहून चालणार नाही, सगळी परिस्थिती एकत्र तोलायची, असं न्यायालयाने सांगितलं. यासाठी मी 'नित्यनिवास' सुचवेन.

उत्तर २ : भेद अगदी बरोबर, शब्द पटला नाही. 'नित्य' म्हटलं की शाश्वत, न बदलणारं असं मनात येतं. हा निवास तर बदलतो, कधी काही महिन्यांतही. 'नेहमीचं वास्तव्य' लिहा, वाचणाऱ्या आईबापांनाही कळेल. 'सर्वसाधारण रहिवासी' मात्र टाळा, ती कल्पना कर आणि मतदार यादीच्या कायद्यांतली.

उत्तर ३ : 'अपहरण'बद्दल. 1980 च्या कराराच्या नावात तो शब्द आहे, तेव्हा नाव लिहिताना ठेवावाच लागेल. मात्र आतल्या कलमांची भाषा वेगळी आहे. तिथे मुलाला 'बेकायदा नेणं' आणि 'बेकायदा ठेवून घेणं' असं येतं. दुसरं विसरू नका. सुट्टीला संमतीने नेलेलं मूल ठरल्या तारखेला परत न पाठवणं यातच मोडतं. आणि करार दिवाणी आहे. मूल सोळा वर्षांखालचं असेल आणि वर्षाच्या आत अर्ज झाला, तर ते परत पाठवणं हा नियम. गंभीर धोका असेल तर न्यायालय नकार देऊ शकतं. परतीचा आदेश म्हणजे मूल कुणाकडे राहील याचा निकाल नव्हे. तो निकाल मूल जिथे नेहमी राहत होतं तिथलं न्यायालय देतं. मजकुरात आईला 'अपहरणकर्ती' लिहिलंत तर वाचणारा तिला गुन्हेगार ठरवून मोकळा होईल, म्हणून 'मूल घेऊन गेलेली आई' असंच लिहा, लांबलं तरी चालेल.

आणखी एक. 'ताबा' हा शब्द मला मुलांसाठी खुपतो, तो घरादाराचा, शेताचा शब्द. हेग परिषदेच्याच 1996 च्या करारात 'पालकत्वाची जबाबदारी' ही कल्पना आहे. मुळात ती असेल तिथे 'ताबा' घालू नका. फक्त मुळातच 'कस्टडी' असेल तिथेच तो ठेवा.

प्रश्नकर्ता : सुट्टीवरून न परतलेल्या मुलाचंच हे प्रकरण आहे. 'ठेवून घेणं' आणि 'नेहमीचं वास्तव्य' घेतो. वारसाहक्काच्या परिच्छेदात तेवढा 'अधिवास' राहील.