दोन्ही हात पानांवर असताना शटर कसे दाबावे?

प्रश्न – फोंड्याहून

नमस्कार. आमच्या गावच्या जत्रेत होणाऱ्या मराठी नाटकांसाठी माझ्या आजोबांनी स्वहस्ते उतरवून घेतलेल्या १९ वह्या आमच्या घरी आहेत. बहुतेक वह्या गोवा मुक्त होण्याच्या आधीच्या आहेत. कागद पिवळा पडून ठिसूळ झाला आहे, काही वह्यांना कसर लागली आहे, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत दर वर्षी त्यांची अवस्था थोडी आणखी बिघडते, म्हणून यंदा सगळ्या वह्यांची छायाचित्रे काढून ठेवायचे ठरवले आहे. एकूण पाने सुमारे १,५०० भरतील.

कॅमेरा कॅनन १५००डी असून त्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स आहे. सोप्यावरच्या टेबलाशी तिपाई उभी करून तिला आडवा दांडा जोडला आहे आणि कॅमेरा खाली तोंड करून टांगला आहे. तोल सांभाळण्यासाठी दांड्याच्या दुसऱ्या टोकाला नारळांची पिशवी बांधली आहे. इथपर्यंत सर्व ठीक आहे. अडचण अशी की पाने वळतात, त्यामुळे डाव्या हाताने शिवणीजवळ आणि उजव्या हाताने बाहेरच्या कोपऱ्याशी पान धरून ठेवावे लागते, आणि मग शटर दाबायला हातच उरत नाही.

दहा सेकंदांचा सेल्फ-टायमर लावला तर एका पानामागे इतका वेळ जातो की काम संपायला पुढचा पावसाळा उजाडेल. दोन सेकंदांचा लावला तर बटण दाबून हात पानापर्यंत पोहोचेतो शटर उडालेले असते, शिवाय कॅमेऱ्याला स्पर्श झाल्यामुळे दांडा हलतो तो वेगळाच. मोबाइलवरील ॲपनेही चित्र काढता येते, पण तिथेही बोट लागतेच. एकदा मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर ठेवून हनुवटीने दाबून पाहिला. त्या चित्रात पानाऐवजी माझे टक्कल फार सुस्पष्ट आले आहे. पायाने शटर दाबण्याची एखादी सोय असते काय, आणि ती माझ्यासारख्या माणसाला घरच्या घरी करता येईल काय?

उत्तर १ – म्हापशाहून, स्टुडिओ चालवणारा

करता येईल, आणि फार खर्चही येणार नाही. प्रथम काय घेऊ नये ते सांगतो. बाजारात नखाएवढे इन्फ्रारेड रिमोट स्वस्तात मिळतात, पण तुमच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड संदेश टिपणारा डोळाच नाही, त्यामुळे ते पैसे वाया जातील. २.४ गिगाहर्ट्झ रेडिओवर चालणारे रिमोट चालतात आणि भिंतीपलीकडूनही चालतात, पण तुम्ही कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर बसला आहात. तुम्हाला बिनतारी काही नको, बिनहाती हवे आहे.

कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूचे रबरी झाकण उघडून पाहा. तिथे हेडफोनच्या छिद्रासारखे, पण त्याहून बारीक असे २.५ मिलिमीटरचे छिद्र आहे. ते तारेच्या रिमोटसाठी आहे, आणि त्यामागची रचना इतकी साधी आहे की पाहून आश्चर्य वाटावे. त्यात जाणाऱ्या पिनेवर तीन भाग असतात. सर्वांत आतला, म्हणजे मुळाशी असलेला भाग सामाईक; मधले कडे त्या सामाईक भागाशी जोडले गेले की बटण अर्धे दाबल्यासारखे होते, म्हणजे कॅमेरा जागा होऊन फोकस करू लागतो; आणि टोक सामाईक भागाशी जोडले गेले की बटण पूर्ण दाबले जाऊन शटर उडते. विकत मिळणाऱ्या तारेच्या रिमोटमध्ये याहून निराळे काही नसते, फक्त दोन पत्रे एकमेकांना टेकतात.

तेव्हा पायाने दाबायचा कोणताही साधा स्विच तिथे चालेल. आपल्याकडे सर्वांत सहज मिळणारा असा स्विच म्हणजे कीबोर्ड वाजवणाऱ्यांचे सस्टेन पेडल, म्हणजे स्वर लांबवण्यासाठी पायाने दाबायचे पेडल. गोव्यात कोणत्याही गावात चार घरे सोडून एक कीबोर्डवाला सापडतो. पेडलची पिन ६.३५ मिलिमीटरची असते, म्हणून त्या मापाचे एक सॉकेट, हातभर तार आणि २.५ मिलिमीटरची तीन भागांची एक पिन विकत घ्या. पिनेचे टोक आणि कडे दोन्ही एकत्र करून सॉकेटच्या एका टोकाला जोडा आणि सामाईक भाग दुसऱ्या टोकाला. लेन्स हाताने फोकस करण्याच्या स्थितीत ठेवा, म्हणजे पाय पडताच शटर उडेल. शिलाई यंत्राचे विजेचे पेडल मात्र चुकूनही वापरू नका. ते घरगुती विजेवर चालते आणि त्याचा या कामाशी काही संबंध नाही. या तारांमध्ये बाहेरून कोणतीही वीज जाता कामा नये.

उत्तर २ – मडगावहून, ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा

वरील सल्ला योग्य आहे. त्यात माझ्या स्वतःच्या फजितीची भर घालतो. सस्टेन पेडले दोन जातींची असतात. एका जातीत पाय दाबला की आतली जोडणी होते, दुसऱ्या जातीत पाय दाबला की ती तुटते. कीबोर्ड चालू करताना पेडलवर पाय नसेल तर तो पेडलची जात आपोआप ओळखतो, म्हणून वाजवणाऱ्याला हा फरक कधी जाणवत नाही. कॅमेरा तसे ओळखत नाही. मी दुसऱ्या जातीचे पेडल लावले तेव्हा पिन खोचताक्षणी एक चित्र निघाले आणि नंतर दर वेळी पाय दाबल्यावर नव्हे, तर उचलल्यावर शटर उडू लागले. मी दोन दिवस कॅमेऱ्यात बिघाड शोधत होतो. मल्टिमीटरने आधी तपासून घ्या. काही पेडलांच्या खालच्या बाजूला जात बदलण्याची एक छोटी खिटी असते, ती असेल तर प्रश्नच मिटला.

दुसरी गोष्ट अशी की डाग लावण्याचा (सोल्डरिंगचा) कंटाळा करून दुकानातले तयार अडॅप्टर एकापुढे एक जोडू नका. पेडलची पिन दोन भागांची आणि कॅमेऱ्याचे छिद्र तीन भागांचे असल्यामुळे अशा जोडणीत मधले कडे कायमचे सामाईक भागाला टेकून राहते. मग कॅमेऱ्याला वाटते की बटण सतत अर्धे दाबलेले आहे. तो झोपत नाही आणि बॅटरी पाहता पाहता संपते.

उत्तर ३ – डिचोलीहून

डाग लावायचा नसेल तर दुसरा मार्ग संगणकाचा आहे. कॅननचे ईओएस युटिलिटी हे सॉफ्टवेअर विनामूल्य उतरवून घेता येते. कॅमेरा यूएसबी तारेने लॅपटॉपला जोडला की त्यातल्या रिमोट शूटिंगच्या खिडकीतून चित्र काढता येते आणि ते थेट लॅपटॉपवर साठते. स्पेसची कळ दाबूनही शटर उडते. आता टंकलेखन किंवा ध्वनिमुद्रण उतरवून घेणारे लोक जे यूएसबी पेडल वापरतात, ते संगणकाला कीबोर्डच भासते. त्याला स्पेसची कळ नेमून दिली की काम झाले. लिनक्स वापरत असाल तर जीफोटो२ हे सॉफ्टवेअर हेच काम करते.

पेडल महाग पडेल, हे मान्य आहे. पण मी हाच मार्ग सुचवीन, कारण कॅमेरा खाली तोंड करून टांगलेला असताना त्याच्या मागच्या पडद्यावर काय दिसते आहे हे पाहायला तुम्हाला दर वेळी उठून उभे राहावे लागेल. लॅपटॉप समोर असला की प्रत्येक पान मोठे दिसते, आणि कोपरा कापला गेला किंवा बोट आड आले तर ते त्याच क्षणी कळते. फक्त खिडकीच्या बाहेर चुकून क्लिक झाले तर स्पेसची कळ भलतीकडे जाते आणि शटर उडत नाही, तेवढे लक्षात ठेवा.

उत्तर ४ – पणजीहून

मी काही वर्षे जुन्या कागदपत्रांची छायाचित्रे काढण्याचे काम केले आहे. पेडल कोणतेही घ्या, खरी कसोटी पुढे आहे. पायाचा दाब जमिनीतून टेबलात आणि टेबलातून दांड्यात जातो. जुन्या घराचा सोपा म्हणजे भक्कम भुई असेल तर निभावेल, पण माळ्यावर, लाकडी पाट्यांवर बसणार असाल तर प्रत्येक चित्र किंचित हललेले येईल आणि ते तुम्हाला पंधरा दिवसांनी कळेल. यावर उपाय म्हणजे तुम्ही टाकून दिलेला तोच दोन सेकंदांचा टायमर. पेडलने शटर थेट न उडवता टायमर सुरू करा. तार लावून बटण दाबले तरी टायमर चालतो, आणि आता हात आधीच पानावर असल्यामुळे ते दोन सेकंद अडचणीचे न ठरता कंप शांत व्हायला उपयोगी पडतात. लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर थेट दृश्य दिसण्याची सोय) चालू ठेवा, म्हणजे कॅमेऱ्यातला आरसा आधीच वर गेलेला असेल आणि त्याचा धक्काही वाचेल. लाइव्ह व्ह्यू बॅटरी खातो, त्यासाठी बॅटरीच्या जागी बसणारा आणि भिंतीच्या विजेवर चालणारा जोड मिळतो. कॅमेरा आपोआप बंद होण्याची सोय काढून टाका.

काही जण इंटरव्हॅलोमीटर सुचवतील, म्हणजे दर आठ सेकंदांनी आपोआप चित्र निघेल आणि तुम्ही तालावर पाने उलटत राहाल. छापील पुस्तकाला ते जमते. ठिसूळ हस्तलिखिताला नाही, कारण दोन पाने चिकटलेली निघाली की हात घाई करतो, आणि घाईत पान फाटते. ताल तुमच्या पायाकडेच राहू द्या.

प्रकाशासाठी दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी सुमारे ४५ अंशांत ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटरचा वेग १/५० किंवा त्याहून मंद ठेवला नाही तर पानावर पट्टे उमटतात. आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १००, लेन्सचे छिद्र (ॲपर्चर) एफ/८. कापसाचे हातमोजे घालू नका, त्यात कागदाची धार जाणवत नाही. हात धुऊन कोरडे केलेले पुरेसे आहेत. वह्यांचे माप किती आहे ते कळवा.

प्रश्नकर्ता

पान १७ × २१ सेंटीमीटर आहे.

उत्तर ४ – पणजीहून

मग तुमचे काम निम्मे झाले. उघडी वही ३४ × २१ सेंटीमीटर भरते. तुमच्या कॅमेऱ्याचे चित्र ६००० × ४००० बिंदूंचे असते. समोरासमोरची दोन्ही पाने एकदम घेतली आणि चौफेर थोडी जागा सोडली तरी इंचाला ४०० च्या आसपास बिंदू मिळतात, आणि हस्ताक्षर वाचायला ३०० देखील पुरतात. म्हणजे १,५०० ऐवजी ७५० चित्रे. मात्र शिवणीजवळ अक्षरे वाकत असतील तिथे एकेक पान वेगळे घ्या; वही सपाट व्हावी म्हणून दाबू नका, एका पुठ्ठ्याखाली घडी केलेले कापड ठेवून तिला टेकू द्या. दर वहीच्या आरंभी तिचा क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठीचे एक चित्र काढा. वही संपली की चित्रे मोजा आणि मगच ती कपाटात ठेवा.

प्रश्नकर्ता – बारा दिवसांनी

आपणा सर्वांचा ऋणी आहे. शेजारच्या मुलाचे पेडल उसने आणले. मल्टिमीटरने पाहिले तर ते नेमके उलट्या जातीचे निघाले, पण खाली खिटी होती. पेटी दुरुस्त करणाऱ्याने दहा मिनिटांत डाग लावून दिला. टायमर दोन सेकंदांवर ठेवला आहे. पाय पडतो, कॅमेरा टिकटिकतो, तेवढ्यात मी श्वास रोखून कोपरा सारखा करतो. आतापर्यंत सात वह्या झाल्या. तिसऱ्या वहीत मोजणी एका चित्राने कमी भरली, तेव्हा शोधले तर दोन पाने खरोखरच चिकटलेली होती.

एक शंका उरली आहे. प्रॉम्प्टिंग करताना आजोबांनी समासात पेन्सिलीने बारीक खुणा केल्या आहेत, उदाहरणार्थ «पेटी थांबते» किंवा «गॅसबत्ती आत घ्या». शाई स्वच्छ येते, पण या खुणा चित्रात जवळजवळ दिसत नाहीत.

उत्तर १ – म्हापशाहून

एक दिवा मालवा आणि दुसरा टेबलाच्या पातळीपर्यंत खाली आणून प्रकाश पानावरून घासत जाऊ द्या. पेन्सिलीने कागदावर पाडलेली चर सावलीमुळे उठून दिसेल, आणि शिसाची चकाकीही कॅमेऱ्याच्या डोळ्यात जाणार नाही. अशा पानांची दोन चित्रे घ्या, एक नेहमीच्या प्रकाशात आणि एक या तिरप्या प्रकाशात. मधे वही हलवू नका. पाय तेवढा दोनदा दाबा.